पहिलीचा प्रवेश : खाजगी शाळा, अनुदानित शाळा की गावची जिल्हा परिषद शाळा?

रानजाई

नमस्कार. माझा मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल आणि गेले दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणापासून चार किलोमीटरवर आमचे गाव आहे. यजमानांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे, मी पतसंस्थेत नोकरी करते आणि सासू-सासरे आमच्याबरोबर असतात. आमच्यासमोर तीन शाळा आहेत.

पहिली महामार्गावरची खाजगी, विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाची. ती घरापासून अकरा किलोमीटरवर आहे. वर्षाची फी ५८,००० रुपये, बसचे १६,०००. पुस्तके, दोन प्रकारचे गणवेश आणि बूट वेगळे. बस सकाळी ७.१० ला फाट्यावर येते आणि मूल पावणेतीनला घरी परतते. फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ असे लिहिले आहे. माझ्या जाऊबाईंची दोन्ही मुले तिथेच आहेत आणि माझा मुलगाही दोन वर्षे तिथल्याच केजीत जातो आहे.

दुसरी तालुक्यातल्या जुन्या संस्थेची अनुदानित मराठी शाळा. तिथे पहिलीपासून सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून; फी नावापुरती आहे, पण एका वर्गात ५२ मुले बसतात. तिसरी आमच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा, घरापासून चालत चार मिनिटांवर. चौथीपर्यंत वर्ग, ४१ मुले आणि दोन शिक्षक. माझे सासरे त्याच शाळेत शिकले.

माझे शिक्षण मराठीतून झाले. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी वर्गात काय चालले आहे हे मला दिवाळीपर्यंत समजत नव्हते, आणि पुढे दोन मुलाखतींमध्ये उत्तर येत असूनही माझे तोंड उघडले नाही. ते मुलाच्या वाट्याला येऊ नये, असे मला मनापासून वाटते. दुसरीकडे, दोन वर्षे केजीत जाऊनही तो शाळेतले काहीच घरी सांगत नाही. विचारले की ‘काही नाही’ म्हणतो आणि बाहेर पळतो. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी नेमके काय पाहून निर्णय घेतला, हे कृपया सविस्तर सांगावे.

सदाफुली

आम्ही पिंपरीत राहतो आणि दोघेही नोकरी करतो. मुलीला खाजगी शाळेत घालण्याचे आमचे कारण अगदी साधे होते : शाळेच्या आवारातच संध्याकाळी सहापर्यंत पाळणाघर आहे. फी जास्त आहे, पण दर आठवड्याला दोन गोष्टींची पुस्तके घरी येतात, महिन्यातून एकदा वर्गशिक्षिका पंधरा मिनिटे फक्त आमच्याशी बोलतात आणि मुलगी आनंदाने जाते. तिसरीच्या वर्षी आम्ही समाधानी आहोत. तुमच्या घरी आजी-आजोबा आहेत, ही तुमची फार मोठी जमेची बाजू आहे. आमच्याकडे ती असती तर आम्ही कदाचित वेगळा विचार केला असता.

खडूफळा

रानजाई ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षे शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे माझे माप एका बाजूला झुकलेले असू शकते, हे आधीच सांगतो.

मूल पहिलीत येते तेव्हा घरातून एक पुरी भाषा घेऊन येते. ‘आजीने धपाटे केले’, ‘रेडकू दावे तोडून पळाले’ अशी वाक्ये ते कुणी न शिकवता बोलते. वाचायला शिकणे म्हणजे ही तोंडची भाषा कागदावर ओळखू येणे. ‘पाव’ एवढे जुळवले की ‘पावसात’ हा शब्द मूल स्वतःच पुरा करते, कारण तो त्याच्या कानात आधीपासून आहे. अनोळखी भाषेत अक्षरे जुळवली तर आवाज बरोबर निघतो, पण अर्थ लागत नाही, आणि अर्थ लागत नाही म्हणून चूक झाल्याचेही कळत नाही. इंग्रजी लवकर कानावर पडावी, गाणी-गोष्टींतून पडावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण पहिले वाचन घरच्या भाषेत पक्के झाले की दुसऱ्या भाषेतले वाचन त्याच पायावर उभे राहते, हे मी शेकडो मुलांत पाहिले आहे.

आता आमच्या बाजूचे खरे सांगतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे तुमच्या गावात एक शिक्षक पहिली-दुसरी आणि दुसरे तिसरी-चौथी एकत्र घेत असणार. शिक्षक कसलेला असेल तर जोडवर्ग उत्तम चालतो, कारण दुसरीचे मूल पहिलीच्या मुलाला वाचून दाखवते आणि दोघेही शिकतात. मात्र एक शिक्षक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा रजेवर गेले की चारही वर्ग एकाच माणसावर येतात आणि त्या दिवशी शिकवणे जवळजवळ थांबते.

म्हणून माझा एकच सल्ला आहे. परवानगी घेऊन तिन्ही शाळांत जा, तेही कार्यक्रमाच्या दिवशी न जाता मंगळवारी किंवा बुधवारी, आणि पहिलीच्या वर्गात मागे तासभर बसा. नंतर तिसरीतल्या तीन-चार मुलांना त्यांच्या पुस्तकाचे न शिकवलेले एक पान वाचायला सांगा आणि काय वाचले ते स्वतःच्या शब्दांत सांगायला सांगा. जी शाळा याला आनंदाने ‘या’ म्हणेल, तिच्याबद्दल तिथेच अर्धे समजले.

मुक्ताई८४

गुरुजींबद्दल पूर्ण आदर ठेवून माझा अनुभव मांडते, कारण तो वेगळा आहे.

आम्ही नवरा-बायको दोघेही मराठी शाळेच्या बाजूचे. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत मोठ्या विश्वासाने मुलीला घातले. पहिलीच्या वर्षी तिच्या बाई मतदारयाद्यांच्या कामात होत्या. दुसरीत त्या प्रसूती रजेवर गेल्या आणि चार महिने बदली शिक्षक आले नाहीत. दुसरी संपली तेव्हा माझ्या मुलीला जोडाक्षरे वाचता येत नव्हती. ‘गोष्ट’ हा शब्द ती ‘गोषट’ असा वाचायची आणि पुढे थांबून माझ्या तोंडाकडे पाहायची. ते पाहणे मी अजून विसरलेले नाही.

तिसरीत आम्ही तिला खाजगी इंग्रजी शाळेत घातले. पहिले वर्ष रडण्यात गेले, मी रोज संध्याकाळी दोन तास बसले आणि हळूहळू गाडी रुळावर आली. आज ती सहावीत दोन्ही भाषांत चांगले वाचते. बाईंची यात काहीच चूक नव्हती. यंत्रणेने त्यांना वर्गात राहू दिले नाही. पण मूल आपले असते आणि त्याची सहा ते आठ ही वर्षे परत येत नाहीत. चांगले शिक्षक मिळाले तर सोने, पण ते टिकतील याची हमी कुणी देत नाही.

खडूफळा

मुक्ताई ताई, तुमचे दुःख मी समजू शकतो आणि ते नाकारणार नाही. आमच्या शाळांचा सर्वांत मोठा रोग तुम्ही नेमका सांगितला आहे. फक्त एक भर घालतो. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. ज्या गावात ही समिती खरोखर बसते, तिथे दोन आठवडे वर्ग रिकामा राहिला की पालक गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात उभे राहतात आणि शेजारच्या शाळेतून तात्पुरते शिक्षक मिळवतात. जिथे समिती फक्त सह्यांपुरती असते, तिथे तुमच्यासारखे घडते.

तांबडी_माती

मी कोल्हापूर जिल्ह्यातला. रानजाई ताईंचे ‘काही नाही’ हे दोन शब्द वाचून मला राहवले नाही.

आमच्या मुलाला आम्ही खाजगी इंग्रजी शाळेत लहान गटात घातले होते. त्याची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत यायची. उन्हाळा आला तरी तेच. आम्हाला वाटले की खेळण्याच्या नादात विसरत असेल. एके दिवशी तो ओल्या चड्डीत घरी आला आणि आईच्या कुशीत शिरून म्हणाला, ‘मला ते वाक्य आठवत नाही.’ वर्गात बाहेर जाण्याची परवानगी इंग्रजीतूनच मागायची, असा नियम होता. ते वाक्य आठवेल की नाही या भीतीने त्याने पाणी पिणेच सोडून दिले होते. त्या बाई वाईट नव्हत्या. शाळेचा नियम होता आणि त्या तो पाळत होत्या.

आम्ही त्याला त्याच वर्षी काढले. आता तो गावातल्या मराठी शाळेत दुसरीत आहे आणि शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी बोलायला सुरुवात करतो. सगळ्या इंग्रजी शाळा अशा असतात असे माझे म्हणणे नाही. परंतु तुमच्या मुलाला शाळेत पाणी प्यायला कसे विचारतो, एवढे एकदा जवळ घेऊन विचारा.

हिशेबनीस

माध्यमाची चर्चा चांगली चालली आहे; मी फक्त पैशाची बाजू मांडतो, कारण पहिलीची फी पाहून दहा वर्षांचा निर्णय घेणारे पालक मी व्यवसायात रोज पाहतो.

५८,००० रुपये फी दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढली, असे धरा. दहावीच्या वर्षी ती सुमारे १ लाख ३७ हजार होते आणि पहिली ते दहावीची बेरीज ९ लाख २४ हजारांच्या आसपास जाते. बसचे भाडेही त्याच दराने वाढले तर त्यात अडीच लाख मिळवा. पुस्तके, गणवेश, सहली आणि स्नेहसंमेलनाचा पोशाख यात धरलेला नाही. दुसरे मूल असेल तर आकडा दुप्पट. हा खर्च दुकानाच्या उत्पन्नातून सहज निघत असेल तर प्रश्न नाही. पण बारावीनंतरच्या शिक्षणासाठी ठेवायचे पैसे पहिली-दुसरीतच संपत असतील तर दोनदा विचार करावा.

फीबाबत कायदा काय सांगतो, तेही पालकांना ठाऊक असावे. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा आहे. त्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो, त्याच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात आणि पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. प्रवेश घेण्यापूर्वी शाळेत विचारा : कार्यकारी समितीत यंदा कोण आहेत, मागच्या तीन वर्षांची मंजूर फी किती होती? देणगी घेणे आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणे, या दोन्ही गोष्टींना शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. पुस्तके-गणवेश अमुक दुकानातूनच घ्या, अशी सक्ती करू नये, असे शिक्षण विभागाचे निर्देश आहेत.

आणि फलकावरच्या ‘सीबीएसई पॅटर्न’ या शब्दांकडे बारकाईने पाहा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, आणि मंडळाचा संलग्नता क्रमांक मागा, आणि दोन्ही संकेतस्थळांवर स्वतः पडताळा.

जाईजुई

आमचा मुलगा शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांमधून सोडतीत खाजगी शाळेत लागला. आमचे उत्पन्न वर्षाला लाखाच्या आत आहे, त्यामुळे एरवी त्या शाळेचे दारही आम्ही ओलांडले नसते. शिक्षण चांगले आहे आणि वर्गशिक्षिकेने कधी भेदभाव केला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. त्रास होतो तो इतर खर्चांचा. सहल, वाढदिवसाला वर्गात वाटायची भेट, प्रकल्पाचे साहित्य. मुलगा आता स्वतःच म्हणतो की सहलीला मला जायचे नाही, आणि त्याला जायचे असते हे मला कळते. शिवाय ही सवलत आठवीपर्यंतच असते. नववीला पूर्ण फी भरायची की शाळा बदलायची, याची चिंता आम्हाला सहावीपासूनच लागली आहे.

२०२४ साली एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना या जागांतून सूट देण्याचा बदल आला होता. तो उच्च न्यायालयाने रद्द केला, तोपर्यंत माझ्या बहिणीच्या मुलीचा प्रवेश टांगणीला लागला होता. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर हा मार्ग जरूर पाहा, पण एकट्या सोडतीवर विसंबून राहू नका.

वर्गशिक्षिका

मी स्वतः एका लहान शहरात खाजगी इंग्रजी शाळेत पाच वर्षे शिकवले आहे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

पालक स्मार्ट बोर्ड पाहतात, रंगीत खुर्च्या पाहतात, पण शिक्षकाला पगार किती आणि तो शाळेत किती वर्षे आहे, हे कुणी विचारत नाही. मला सुरुवातीला महिना ९,००० रुपये मिळत आणि उन्हाळी सुटीचे पैसे मिळत नसत. माझ्याबरोबर लागलेल्या सहा जणींपैकी दोन वर्षांनी मी एकटी उरले. एका वर्षी दुसरीच्या एका वर्गाला तीन वर्गशिक्षिका झाल्या. मुले दर वेळी नव्याने बिचकत आणि दर वेळी पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागे. मुक्ताई ताई, शिक्षक टिकण्याची हमी सरकारी शाळेत नसते हे अगदी खरे आहे, पण ती खाजगी शाळेतही फीबरोबर मिळत नाही.

इंग्रजीबद्दलही सांगते. माझे स्वतःचे शिक्षण मराठीतून झाले आहे. वर्गात धडा इंग्रजीत वाचायचा, अर्थ मराठीत सांगायचा आणि उत्तरे फळ्यावर लिहून द्यायची, मुलांनी ती पाठ करायची, अशी आमची पद्धत होती. वह्या सुंदर दिसत. त्या वहीतला प्रश्न थोडा फिरवून विचारला की वर्ग शांत होई. म्हणून गुरुजींनी सांगितलेली न शिकवलेल्या पानाची परीक्षा मला फार मोलाची वाटते. ज्या खाजगी शाळेत मुले त्यात उत्तीर्ण होतात, तिथे खुशाल घाला. अशा शाळाही आहेत आणि त्यांच्या शिक्षिका जिवापाड काम करतात.

नदीकाठ

या चर्चेत ‘खाजगी’ आणि ‘इंग्रजी’ हे शब्द एकच असल्यासारखे वापरले जात आहेत. तसे नाही. महाराष्ट्रात खाजगी प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या मराठी प्राथमिक शाळांची मोठी परंपरा आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन उभे केले. ते तर रानजाई ताईंच्याच जिल्ह्यात आहे. पुण्यात अक्षरनंदन आहे. मुलाच्या अनुभवातून भाषा आणि गणित शिकवण्याचे काम या शाळांनी केले आहे. सगळ्यांना त्या जवळ नसतात, पण एकदा जाऊन पाहिले तर चांगला वर्ग कसा दिसतो, याचे माप आपल्या डोळ्यांत बसते.

सरकारी शाळांतही असे काम झालेले आहे. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळा ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याच्या, पद्धतीसाठी राज्यभर नावाजल्या आणि ते वर्ग पाहायला शिक्षकांच्या गाड्या भरभरून येत. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळालेले रणजितसिंह डिसले हेही सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतलेच.

काळी_आई

नदीकाठ, ही नावे नेहमी येतात आणि ती आदरानेच घ्यावीत. पण राज्यात हजारो जिल्हा परिषद शाळा आहेत आणि आपल्या वाट्याला त्यांतली एकच येते. मी मराठवाड्यातल्या एका वाडीवरच्या शाळेतून शिकून अभियंता झालो. पहिल्या वर्षी ‘इक्वेशन’ आणि ‘समीकरण’ एकच आहे हे समजायला मला महिना लागला. गणित येत होते, शब्द येत नव्हते. वसतिगृहात मी रात्री शब्दकोश घेऊन बसत असे. जे त्यात तरले त्यांची उदाहरणे दिली जातात, पण माझ्या खोलीतले दोघे पहिल्याच वर्षी घरी परतले, त्यांचे उदाहरण कुणी देत नाही. रानजाई ताईंची भीती खरी आहे. मातृभाषेतून शिकवा म्हणताना इंग्रजीची सोय कोण आणि कधी करणार, याचे उत्तरही दिले पाहिजे.

आबोली

मी गोव्याची, पेडणे तालुक्यातली. काळी_आई यांच्या प्रश्नावर आमच्याकडची पद्धत सांगण्यासारखी आहे.

आमच्या पिढीत बहुतेक मुले चौथीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिकत आणि पाचवीपासून हायस्कुलात इंग्रजी माध्यमात जात. मीही तशीच गेले. पाचवीचे पहिले सहा महिने जड गेले, पण संपूर्ण वर्गच मराठी किंवा कोंकणीतून आलेला असल्यामुळे शिक्षकांना ते ठाऊक होते. ते शास्त्राचा प्रत्येक शब्द दोन्ही भाषांत फळ्यावर लिहीत आणि कुणाला लाज वाटत नसे. दिवाळीनंतर गाडी सुरळीत चालली. वाचनाची आणि गणिताची गोडी चौथीपर्यंत लागलेली होती, तिचा उपयोग झाला.

पुढे पालकांचा ओढा पहिलीपासूनच्या इंग्रजीकडे गेला. प्राथमिकला मातृभाषेतल्या शाळांनाच अनुदान द्यायचे, हे १९९० चे धोरण होते. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून मोठी आंदोलने झाली. आज माझ्या जुन्या शाळेत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी मुले उरली आहेत. पण रानजाई ताई, एक सावधगिरी सांगते. पाचवीला माध्यम बदलायचे ठरवले तर ज्या शाळेत जाणार, तिथे अशी मुले नेहमी येतात का, ते आधी विचारा. वर्गात तो एकटाच तसा असेल तर आमच्यासारखे सोपे जाणार नाही.

सदाफुली

एक मुद्दा राहून गेला. रानजाई ताई, मुलाला सहा वर्षे कधी पूर्ण होतात? आमच्या ओळखीत एकाने घाई केली आणि मूल वर्गात सर्वांत लहान राहिले.

रानजाई

ऑगस्टमध्ये होतात. राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण हवीत, त्यामुळे तो नियमात बसतो.

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार मानते. गेल्या पंधरा दिवसांत मी रजा टाकून तिन्ही ठिकाणी जाऊन आले, ते सांगते.

खाजगी शाळेत वर्गात बसू देत नाहीत. ‘पालक दिनाला या’ असे स्वागतकक्षात सांगितले. यू-डायस क्रमांक दिला. संलग्नता क्रमांक विचारल्यावर ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे उत्तर मिळाले. पडताळल्यावर शाळेला राज्याची मान्यता आहे, सीबीएसईची नाही. फीच्या समितीतल्या पालकांची नावे कार्यालयातल्या ताईंना सांगता आली नाहीत. मात्र मुलाच्या केजीच्या बाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, ‘तो हुशार आहे हो, पण वर्गात बोलतच नाही.’ त्यांच्या आवाजात काळजी होती. रात्री त्याला जवळ घेऊन पाण्याबद्दल विचारले. तो म्हणाला, ‘मी राघवला सांगतो, राघव बाईंना सांगतो.’

तालुक्याच्या शाळेत बाई अनुभवी आहेत, शिस्त आहे, पण ५२ मुलांत मागच्या दोन रांगांपर्यंत त्या तासाभरात एकदाही पोहोचू शकल्या नाहीत.

आमच्या गावच्या शाळेत मी बुधवारी गेले. गुरुजी जमिनीवर बसले होते आणि मुलांसमोर आइस्क्रीमच्या काड्यांचा ढीग होता. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचे, गठ्ठा डावीकडे ठेवायचा, सुट्या काड्या उजवीकडे. एका मुलीकडे तीन गठ्ठे आणि चार काड्या झाल्या. गुरुजींनी विचारले, ‘यातल्या सहा काढून मला दे.’ तिच्याकडे सुट्या चारच. ती बराच वेळ पाहत राहिली, कुणी घाई केली नाही, आणि मग तिने एका गठ्ठ्याचे रबर सोडले. मी एवढी वर्षे पतसंस्थेत वजाबाक्या करते, पण हातचा म्हणजे गठ्ठा सोडणे, हे माझ्या डोळ्यांसमोर असे कधी आले नव्हते. नंतर तिसरीतल्या चार मुलांकडून न शिकवलेले पान वाचून घेतले. तिघांनी अर्थ सांगितला, एकाला अडचण आली. इंग्रजी मात्र कवितांच्या पुढे फारसे दिसले नाही, आणि गुरुजींनी ते स्वतःच मान्य केले.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि त्यामुळे मी पुन्हा अडकले आहे. त्यांची या शाळेतली वर्षे भरत आली आहेत आणि बदलीच्या यादीत त्यांचे नाव येऊ शकते. ‘मी असेन असे समजून मुलाला घालू नका,’ असे ते म्हणाले.

मुक्ताई८४

ताई, हेच मी म्हणत होते. पण एवढे प्रामाणिकपणे सांगणारा शिक्षक मला मिळाला असता तर मीही वेळीच सावध झाले असते. घालणार असाल तर रोज रात्री पंधरा मिनिटे त्याचे वाचन स्वतः ऐका. दुसरीच्या दिवाळीपर्यंत जोडाक्षरे आली नाहीत तर कुणाचीही भीड न ठेवता निर्णय बदला.

वर्गशिक्षिका

इंग्रजीसाठी पहिली दोन वर्षे वेगळी शिकवणी लावू नका. रोज एक चित्रांचे लहान पुस्तक तुम्ही त्याला वाचून दाखवा, त्याच्याबरोबर तुमचेही इंग्रजी उघडेल. मुलाखतीत तोंड उघडले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मुलासमोर मोठ्याने वाचताना कुणी चुका काढत नाही.

काळी_आई

सहमत. माझ्या वेळी कुणी असे वाचून दाखवले असते तर ते दोघे कदाचित परतले नसते.

खडूफळा

रानजाई ताई, बदल्यांचे कुणाच्या हातात नसते. पण शाळा व्यवस्थापन समितीची निवड होते तेव्हा तुम्ही किंवा यजमान तिच्यात जाण्याचा विचार जरूर करा. दुसरे असे की बस ७.१० ची आहे म्हणजे खाजगी शाळा आठला भरत असणार. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासनाचा २०२४ चा निर्णय आहे. तिथेच ठेवायचे ठरले, तर बाकी पालकांना बरोबर घेऊन हा प्रश्न लेखी विचारा.

पाडव्याला गावात ‘गुढी पाडवा, पट वाढवा’ची फेरी निघेल, आणि एप्रिलमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांचा शाळापूर्व तयारी मेळावा असतो. सात टेबले मांडतात. दोरीवरून चालणे, रंग ओळखणे, चित्र पाहून बोलणे, वस्तू मोजणे असे सगळे खेळातून घेतात. कोणत्याही शाळेत घालायचे ठरवले तरी त्याला घेऊन जा. तो बोलतो की नाही, ते तुम्हाला तिथे उभे राहून दिसेल.

रानजाई

गुरुजी, मेळाव्याला नक्की नेते. सासऱ्यांनी आजच त्याला शाळेच्या पटांगणातला त्यांच्या वेळचा चिंचेचा वृक्ष दाखवून आणला. यजमानांचे मन अजून पूर्ण वळलेले नाही, आणि खाजगी शाळेत प्रवेश निश्चितीचे १०,००० रुपये भरण्याची मुदत महिनाअखेरीस संपते. ते पैसे आम्ही भरणार नाही, एवढे आज जेवताना ठरले. पहिलीच्या प्रवेशाला जन्मदाखला आणि आधार कार्ड पुरेल का, की केजीचाही दाखला लागतो?

खडूफळा

जन्मदाखला आणि आधार पुरेसे आहे, केजीचा दाखला लागत नाही. जन्मदाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव अक्षराअक्षराने जुळते का, तेवढे आत्ताच पाहून घ्या. पुढे दहावीपर्यंत तेच नाव चालते आणि नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात.